मराठी बालसाहित्यात न आलेली मुले

दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी मुलांच्या हातात मराठी पुस्तक पडते ते मोजक्या वाटांनी. सार्वजनिक ग्रंथालयाचा बालविभाग, शाळेतले बहुधा कुलूपबंद असलेले कपाट, वक्तृत्व किंवा निबंध स्पर्धेत मिळालेले बक्षीस आणि कधीमधी भरणारे ग्रंथप्रदर्शन. पुसद, दारव्हा, आर्णी, उमरखेड, यवतमाळ जिल्ह्यात कुठेही गेले तरी यात फारसा फरक पडत नाही. या वाटांनी श्याम येतो, गोट्या येतो, फास्टर फेणे येतो, शिवरायांची आणि शास्त्रज्ञांची चरित्रे येतात, अलीकडे माधुरी पुरंदरे यांची राधा आणि यश हेही येतात. वर्गातल्या मित्रावर जीव जडलेला मुलगा मात्र येत नाही. सगळे जण मुलगी म्हणत असताना आपण मुलगा आहोत हे मनोमन ओळखून असलेले मूल येत नाही, दोन आया असलेले घरही येत नाही. मूळ मराठीत, मुलांसाठी म्हणून लिहिलेले आणि या संदर्भात चटकन नाव घ्यावे असे पुस्तक नाही. याचे कारण विचारले की ‘आपला समाज अजून तयार नाही’ हे उत्तर ठरलेले असते. ते उत्तर सोयीचे आहे, पण पुराव्याला उतरत नाही. मराठीला हा विषय परका नाही आणि मराठी बालसाहित्याच्या परंपरेलाही तो परका नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. ही गोष्ट त्या मुलाच्या तोंडून सांगण्याचे आपण टाळत आलो, आणि ती जिथे ठेवायची ती कुमारवयाची फळीच मराठीने कधी नीट भरली नाही.

आधी मोठ्यांच्या मराठीकडे पाहू. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ पर्यंत एकहाती चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी छापून दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे खटला हरले, दंड झाला, पण मराठी मासिकाच्या पानावर हा विषय नव्वद वर्षांपूर्वी येऊन गेला होता. पुढे विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आले. चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’मध्ये मुलाची डायरी वाचून हादरलेली आणि हळूहळू त्याच्यापर्यंत पोचणारी आई बोलली. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ साली मौजेने काढली. बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात समपथिक ट्रस्ट उभारून माहितीपर पुस्तकांबरोबर ‘पार्टनर’सारखी कादंबरीही लिहिली. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ २०१२ साली आले, दिशा पिंकी शेख यांच्या कविता आल्या. जानेवारी २०२५ मध्ये रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाने सन्डान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचा सर्वोच्च ज्यूरी पुरस्कार मिळवला, आणि त्यातली प्रेमकथा शहरातल्या फ्लॅटमध्ये घडत नाही, गावच्या दुखवट्याच्या घरात घडते. एवढा ऐवज पदरी असलेल्या भाषेला ‘अजून तयार नाही’ कसे म्हणायचे?

या ऐवजातच एक धडाही आहे. ‘मित्राची गोष्ट’ हे धाडसी नाटक. पण त्यातली समलैंगिक मित्रा स्वतःची गोष्ट स्वतः सांगत नाही. सांगतो तो तिचा मित्र बापू. तो तिच्यावर माया करतो, तिला समजून घ्यायला धडपडतो, कमी पडतो, आणि शेवटी मित्रा आयुष्य संपवते. प्रेक्षकाला करुणा वाटते ती बापूच्या खांद्यावरून पाहून. मोठ्या प्रेक्षकाला ही रचना पुरेशी होती, कदाचित १९८१ साली एवढीच शक्य होती. पण मुलांच्या पुस्तकात ती तशीच उतरली तर परिणाम वेगळा होतो. बारा-तेरा वर्षांचा वाचक गोष्टीतल्या ‘मी’ला धरून चालतो. तो ‘मी’ शेजारचा असला तर जिच्याविषयी गोष्ट आहे ती मुलगी वाचकाच्या लेखी एक प्रसंग ठरते, कुणाच्या तरी चांगुलपणाची कसोटी ठरते. त्याच वर्गात बसलेली दुसरी मित्रा ते वाचत असेल, तर तिला त्यातून कळते ते इतकेच की आपल्यासारखीचा शेवट असा होतो. म्हणून मुलांच्या पुस्तकाबाबत पहिला प्रश्न ‘विषय आहे का’ हा नसून ‘गोष्ट कोण सांगते आहे’ हा आहे.

आता बालसाहित्याची परंपरा. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली आणि मराठी घरांत तिच्याइतके पोचलेले मुलांचे पुस्तक क्वचितच असेल. तिची पहिलीच रात्र सावित्रीव्रताची आहे. आई तापाने आजारी, वडाला फेऱ्या घालण्याचे त्राण नाही, म्हणून ती श्यामला पाठवते. बायकांच्या व्रताला मुलगा गेला तर हसतील, या लाजेने श्याम अडखळतो. लाज वाईट कामाची धरावी, देवाच्या कामाची कशाला, असे समजावून आई त्याला वडाकडे धाडते. मुलग्याने काय करावे आणि बाईने काय करावे ही रेघ ओलांडण्याची लाज, लोकांच्या हसण्याचे भय आणि ‘जा, काही होत नाही’ म्हणणारी आई, एवढे सगळे मराठी बालसाहित्याच्या सर्वांत मान्यवर पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात आहे, आणि तेही श्यामच्याच तोंडून. गुरुजींच्या मनात आजच्या अर्थाचा काही विचार होता असे म्हणणे अन्यायाचे होईल; त्यांचा रोख भक्तीवर आणि मातृप्रेमावर आहे. पण हळवा, रडणारा, हसले जाण्याला भिणारा मुलगा ‘मी’ म्हणून बोलतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे वाचक त्याचे ऐकतात, ही गोष्ट निर्विवाद आहे. तो आवाज आपल्याला बाहेरून आणायचा नाही.

हे एकच उदाहरण नाही. मुलांसाठी संक्षिप्त केलेल्या महाभारतात विराटपर्व असतेच, आणि विराटपर्वात उत्तरेला नृत्य शिकवणारी बृहन्नडा असते. शिखंडीही वगळता येत नाही, कारण त्याच्यावाचून भीष्म पडत नाहीत. बालगंधर्वांचे चरित्र मुलांना कौतुकाने सांगितले जाते, त्यांच्या शालू-पैठणीची नक्कल घरंदाज बायका कशी करीत हेही सांगितले जाते. विदर्भात तर खडी गंमत आणि दंडार यांत स्त्रीची भूमिका पुरुषानेच करायची, ही रीत गावच्या पोरासोरांनी डोळ्यांनी पाहिलेली. या कलांत काम करणारे सगळे समलैंगिक किंवा पारलिंगी होते असा याचा अर्थ नाही, आणि तसा अर्थ काढूही नये. मुद्दा असा की पुरुष-स्त्रीच्या ठरीव वागण्यापलीकडचे माणूस मराठी मुलाच्या नजरेआड कधीच नव्हते. नजरेआड होते ते त्या माणसाचे मन. नाच्या दिसतो, त्याच्यावर हशा पिकतो, तो घरी जाऊन काय विचार करतो हे कोणी लिहीत नाही. ‘आम्ही मुलांना या विषयापासून दूर ठेवले आहे’ हा समजही त्यामुळे खोटा ठरतो. ‘बायल्या’ ही शिवी मुलाला तिसरी-चौथीत ठाऊक होते. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत साडी नेसलेला पुरुष हा हमखास हशाचा ऐवज असतो. विषय मुलांपर्यंत पोचलेलाच आहे. तो पोचवण्याचे काम आपण टवाळीकडे सोपवले आणि पुस्तकाने हात झटकले.

मग पुस्तकाने हात का झटकले? पहिले कारण संस्कार नावाचा साचा. मराठीत मुलांचे पुस्तक विकत घेणारा मोठा माणूस त्यात तात्पर्य शोधतो, म्हणून लिहिणाराही तात्पर्यापासून सुरुवात करतो. या साच्याला आव्हान देणारे लेखक झाले नाहीत असे नाही. ना. धों. ताम्हनकरांनी चिंगीला खोड्या करू दिल्या, भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या फास्टर फेणेला सायकलवरून उधळू दिले, विंदा करंदीकरांनी मुलांच्या कवितेत निखळ वेडेपणा आणला, माधुरी पुरंदरे यांनी घरातले रुसवे, कंटाळा, शेजार असल्या साध्या गोष्टींना पुस्तकाची प्रतिष्ठा दिली. पुरंदरे यांच्या ‘बाबांच्या मिश्या’मध्ये बाबांच्या मिशांचे वेड असलेली अनू आहे, मुलीने मिशांत रमावे यावर तिथे कुणी प्रवचन झोडत नाही. मराठी चित्रपुस्तकाने इथपर्यंत मजल मारली आहे. पुढचे पाऊल टाकण्यासाठी लागणारी भाषा, म्हणजे मुलाचे वागणे न्यायनिवाडा न करता पाहणारी भाषा, तिथे तयार आहे.

दुसरे कारण अधिक खोल आहे आणि त्याची चर्चा कमी होते. मराठीत बाल आणि प्रौढ या दोन फळ्या आहेत. मधली, तेरा ते सतरा वयाची फळी जवळजवळ रिकामी आहे. दहावीतला वाचक फास्टर फेणे संपवून थेट ‘मृत्युंजय’वर किंवा मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’वर उडी घेतो. ‘शाळा’ (२००४) नववीतल्या मुलांची आहे, प्रकाश नारायण संतांचा लंपन तर त्याहून लहान. पण ही दोन्ही लेखने मुळात मोठ्यांसाठी आहेत, सरलेल्या वयाकडे वळून पाहणारी. त्यांतली हुरहुर सुंदर आहे, आणि हुरहुर ही मोठ्या माणसाची चैन आहे. त्या वयात असलेल्या मुलाला हुरहुर नसते, त्याला प्रश्न असतात, आणि ते आज संध्याकाळपर्यंत सुटायला हवे असतात. आपण कोणाकडे ओढले जातो, आपले शरीर आपले वाटते की नाही, हे प्रश्न नेमके याच वयातले. त्यांना जागा देणारे कुमारसाहित्यच जिथे क्षीण आहे, तिथे समलैंगिक किंवा पारलिंगी मुलाची गोष्ट येणार कुठून? मुलामुलीच्या प्रेमाचीही धड गोष्ट कुमारांसाठी लिहिली जात नाही. म्हणजे हा अभाव सुटा नाही, एका मोठ्या अभावाचे ते टोक आहे.

तिसरे कारण व्यवहाराचे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली हजारो सार्वजनिक ग्रंथालये अनुदानावर चालतात. त्यांची खरेदी बरीचशी शासनमान्य ग्रंथांच्या यादीकडे, वितरकांच्या सवलतीकडे आणि शाळांना चालेल का या अंदाजाकडे पाहून होते. मुलांचे रंगीत पुस्तक छापणे महाग. चार तालुक्यांतल्या शाळा ते परत पाठवतील अशी शंका जरी आली तरी प्रकाशक हात आखडता घेतो. ही भीती त्याच्या कल्पनेतली नाही. महाराष्ट्र सरकारने २००७ साली शाळांतले लैंगिक शिक्षण बंद केले होते. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एनसीईआरटीने पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयीची शिक्षकांसाठीची पुस्तिका संकेतस्थळावर ठेवली आणि तक्रारी होताच काही दिवसांत ती दिसेनाशी झाली. ती पुस्तिका शिक्षकांसाठी होती, मुलांसाठी नव्हतीच. सरकारी संस्थेची ही गत, तर खासगी प्रकाशकाने धीर दाखवावा अशी अपेक्षा नुसत्या उपदेशाने पुरी होणार नाही.

भारतातच, पण इंग्रजीत, चित्र वेगळे आहे, आणि इथे मराठी वाचकाने थोडे थांबून पाहावे अशी गोष्ट आहे. फलटणच्या राजघराण्याच्या नात्यातल्या सुनीती नामजोशी यांनी आई सरोजिनी नामजोशी यांच्याबरोबर गोविंदाग्रजांच्या कविता इंग्रजीत नेल्या. पुढे त्या परदेशी गेल्या, आपण समलैंगिक आहोत हे न लपवता लिहीत राहिल्या आणि १९८६ पासून त्यांनी आदिती नावाच्या मुलीच्या साहसकथा मुलांसाठी लिहिल्या, इंग्रजीत. अमेय नार्वेकर यांचे ‘रितू वेड्स चांदनी’ २०२० साली अमेरिकेत निघाले. त्यात बहिणीची वरात अडवली जाते आणि ती नाचून पुढे नेते ती छोटी आयेशा. हर्षला गुप्ते यांनी लिहिलेले, प्रिया डाली यांनी चितारलेले ‘द बॉय इन द कबर्ड’ही इंग्रजीत आले. नामजोशी, नार्वेकर, गुप्ते ही नावे मराठी वाचकाच्या कानाला परकी नाहीत, आणि तरी ही पुस्तके घडली दुसऱ्या भाषेत. लिहिणारे हात नाहीत म्हणून मराठी मागे पडली, असे यापुढे कोणी म्हणू नये.

इंग्रजीतल्या या पुस्तकांचेही कौतुक डोळे मिटून करण्याचे कारण नाही. हिमांजली शंकर यांची ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’ (२०१४) ही शाळकरी समलैंगिक मुलीला केंद्रस्थानी ठेवणारी भारतातली सुरुवातीची कादंबरी. पण मुस्कान रुग्णालयात आहे, तिने जीव द्यायचा प्रयत्न केला आहे, आणि गोष्ट सांगतात तिच्या वर्गातली तीन मुले. म्हणजे तेंडुलकरांच्या बापूची जागा तिघांनी घेतली, मित्रा अजूनही गप्पच. त्याच वर्षीच्या पायल धर यांच्या ‘स्लाइटली बर्न्ट’मध्येही आपण समलैंगिक आहोत हे सांगणारा मुलगा आपल्याला त्याच्या मैत्रिणीच्या नजरेतून भेटतो. त्यानंतरची पुस्तके मात्र हळूहळू आत शिरली. कनक शशी यांची हिंदीतली ‘गुठली तो परी है’, इंग्रजीत ‘गुठली हॅज विंग्ज’, मुलगा म्हणून वाढवल्या जाणाऱ्या पण स्वतःला मुलगी मानणाऱ्या गुठलीच्या हट्टाबरोबर आणि रुसव्याबरोबर चालते. मुंबईचे लेखक शाल्स महाजन यांच्या ‘रेवा अँड प्रिशा’मध्ये (२०२१) जुळ्या बहिणींना दोन आया आहेत, आणि पुस्तक भर देते तो जुळ्यांच्या उचापतींवर. प्रश्न म्हणून आलेले पात्र आधी करुणेचा विषय होते, मग स्वतः बोलू लागते, आणि शेवटी त्याला बोलण्यासारख्या इतर गोष्टीही सापडतात, असा हा प्रवास आहे. अमेरिकी लेखक जॉन डोनोव्हनच्या १९६९ च्या कादंबरीपासून ॲलिस ओसमनच्या ‘हार्टस्टॉपर’पर्यंत इंग्रजीला हेच अंतर कापायला पन्नास वर्षे लागली. मराठीने पहिल्या पायरीवर तितकी वर्षे घालवण्याची गरज नाही; दुसऱ्यांनी केलेल्या चुका वाचून पुढे जाता येते, हा उशिरा निघणाऱ्याचा एकमेव फायदा.

आता आक्षेप. सर्वांत जोरदार आक्षेप वयाचा: मुलांच्या कोवळ्या मनावर हे कशाला लादायचे? यात एक गृहीत दडले आहे, की समलैंगिक पात्र आले म्हणजे शय्यागृह आले. बाहुला-बाहुलीचे लग्न लावताना, राजकन्येचे स्वयंवर सांगताना, ‘आई-बाबांची पहिली भेट’ ऐकवताना आपल्याला शय्यागृह आठवत नाही. ‘रितू वेड्स चांदनी’त वरात आहे, नाच आहे, कपड्यांची गडबड आहे. वयाला साजेसे काय हा प्रश्न रास्त आहे आणि तो प्रत्येक पुस्तकाला विचारावा. पण तो मांडणीला विचारायचा, माणसाच्या अस्तित्वाला नव्हे. मुलांची काळजी म्हणाल तर २०११ च्या जनगणनेकडे पाहा. ‘इतर’ या लिंगवर्गात नोंदलेल्या ४ लाख ८७ हजारांवर माणसांमध्ये शून्य ते सहा वयाची ५४,८५४ मुले होती. ती नोंद कुणा चळवळीने केलेली नाही, घरच्या मोठ्यांनी प्रगणकाला दिलेल्या माहितीवरून झाली. त्याच जनगणनेत या वर्गाची साक्षरता ४६ टक्क्यांच्या आसपास भरली, देशाची ७४ टक्के असताना. शाळा कुठे सोडली जाते आणि का, हे समजायला आणखी पुरावा हवा असेल तर युनेस्कोने तामिळनाडूत करवून घेतलेली पाहणी आहे. तिच्यात सुमारे ६० टक्के लैंगिक अल्पसंख्य तरुणांनी माध्यमिक शाळेत मारहाण, धक्काबुक्की सोसल्याचे सांगितले. कोवळ्या मनावर लादले जाते आहे ते हे. पुस्तकाने मारहाण थांबत नाही, पण मारणाऱ्याच्या आणि मार खाणाऱ्याच्या दोघांच्या हाती ते पडू शकते, आणि तसे दुसरे साधन शाळेत फारसे नसते.

दुसरा आक्षेप पाश्चात्त्य अनुकरणाचा. कर्वे, बृहन्नडा, खडी गंमत यांची नावे वर आलीच आहेत. उलट इतिहास सांगतो की मुलांच्या पुस्तकांचा धसका हाच पश्चिमेकडून शिकलेला आहे. दोन बाबांबरोबर राहणाऱ्या मुलीचे एक डॅनिश चित्रपुस्तक १९८३ साली इंग्रजीत आले. त्यावर उठलेल्या गदारोळातून ब्रिटनमध्ये १९८८ चा ‘कलम २८’ आला, आणि शाळा-ग्रंथालयांत या विषयावर दीड दशक जवळजवळ चिडीचूप झाली. इंग्लंडने ते कलम २००३ साली रद्द केले. आपल्याकडचे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे दंडविधानातले ३७७ कलमसुद्धा १८६० च्या इंग्रजी अंमलातलेच, आणि प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी निष्प्रभ केले. २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींविषयीच्या कायद्याने सरकारमान्य शाळांना भेदभाव न करता सर्वसमावेशक शिक्षण देणे बंधनकारक केले आहे. कायदा शाळेच्या दारापर्यंत आला. शाळेच्या कपाटातले पुस्तक मात्र कायद्याच्या मागे आहे.

तिसरा आक्षेप आमच्या भागात हमखास ऐकू येईल, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. कापसाला भाव नाही, शेतकरी आत्महत्यांनी जिल्ह्याचे नाव देशभर झाले, शाळेत शिक्षक पुरे नाहीत, तिथे हे कसले शहरी चोचले? याचे उत्तर यवतमाळनेच दिले आहे. जानेवारी २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याने त्याला गालबोट लागले, पण उद्घाटन झाले ते वैशाली येडे यांच्या हस्ते, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते. ज्यांच्याविषयी सगळे बोलतात त्यांनी स्वतः बोलावे, हा त्या निर्णयाचा अर्थ होता. हाच नियम मुलांच्या पुस्तकाला लावायचा आहे. शिवाय गरिबी आणि हा प्रश्न वेगवेगळ्या घरांत राहत नाहीत. पैसेवाल्या घरातल्या अशा मुलाला शहर, इंग्रजी, इंटरनेट आणि समुपदेशक यांच्या वाटा असतात. दिग्रसच्या मराठी शाळेतल्या, किंवा पोहरादेवीच्या वाटेवरल्या तांड्यातून येणाऱ्या मुलाला मराठी पुस्तक ही उरलेली वाट आहे. चोचले त्याचे नव्हेत; त्याला वगळून फक्त इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठी ही पुस्तके निघत राहणे, हा खरा चोचला.

चौथा आक्षेप साहित्यप्रेमींचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो: अशी पुस्तके प्रचारकी होतात, आणि प्रचाराने चांगले साहित्य होत नाही. धोका खरा आहे. ‘सगळे समान असतात’ हे वाक्य शेवटच्या पानावर आणण्यासाठीच लिहिलेली गोष्ट ‘नेहमी खरे बोलावे’च्या गोष्टीइतकीच मेलेली असते, संस्काराचा साचा तोच, आतला माल बदललेला. मराठीत या विषयाने प्रवेश केला तर पहिली काही पुस्तके अशीच निघतील अशी भीती आहे, कारण पुरस्कार समित्या आणि प्रायोजक दोघांनाही सांगून टाकणारी पुस्तके आवडतात. पण या आक्षेपाचा निष्कर्ष ‘लिहू नका’ असा निघत नाही, ‘नीट लिहा’ असा निघतो. साने गुरुजींनी सावित्रीव्रताच्या प्रकरणात उपदेश केलाच आहे, तरी ते प्रकरण जिवंत राहते ते श्यामच्या लाजेमुळे. लाज खरी आहे म्हणून आईचे बोलणे पोकळ वाटत नाही. कसोटी इतकी साधी आहे: पुस्तकातून उपदेश काढून घेतला तर मूल उरते का?

पालकांच्या हक्काचा मुद्दा यालाच जोडून येतो. आपल्या मुलाने काय वाचावे हे आईबाप ठरवतील, हे मान्य. पण सार्वजनिक ग्रंथालय एका घराचे नसते. एका पालकाला नको असलेले पुस्तक त्याने घरी नेऊ नये. दुसऱ्या पालकाला, कदाचित आपल्या गप्प होत चाललेल्या मुलाकडे पाहून धास्तावलेल्या आईला, ते तिथे सापडले पाहिजे. ‘एक माधवबाग’मधल्या आईला मुलाची डायरी वाचावी लागली. फळीवर एखादे पुस्तक असते तर संभाषणाला दुसरी सुरुवात मिळाली असती.

तेव्हा आज स्थिती काय, तर मराठी बालसाहित्याकडे आवाज आहे, चित्रभाषा आहे, लोकपरंपरा आहे, कायद्याचा आधार आहे आणि लिहू शकणारी माणसे आहेत. नाही तो कुमारांसाठीचा नेमाने चालणारा प्रकाशनव्यवहार आणि पहिल्या पुस्तकामागे उभे राहणारी संस्था. यातले काही लगेच करता येण्यासारखे आहे. ‘गुठली’ आणि ‘रेवा अँड प्रिशा’सारखी सिद्ध झालेली पुस्तके चांगल्या मराठीत आणून, स्वस्त आवृत्तीत, तालुक्याच्या ग्रंथालयांपर्यंत पोचवावीत. १९७१ पासून चालत आलेले बालभारतीचे ‘किशोर’, तसेच ‘वयम्’ आणि साधनेचे बालकुमार दिवाळी अंक यांनी या मुलांना कथेत जागा द्यावी. मासिकातली एक कथा पुस्तकापेक्षा कमी जोखमीची आणि जास्त दूर जाणारी असते. शासनमान्य यादीच्या निवड समितीने कुमारवाङ्मय हा विभाग वेगळा धरावा. आणि लेखकांनी माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम या विषयावर काम करणाऱ्या संस्थांवर सोपवून स्वतः गोष्ट लिहावी: रहस्याची, सहलीची, क्रिकेटच्या सामन्याची, वऱ्हाडीत भांडणाऱ्या पोरांची, जिच्यात असे एक मूल ‘मी’ म्हणून बोलते आणि शेवटच्या पानापर्यंत जिवंत, खोडकर आणि आपल्याच गावात राहते. ते पुस्तक निघेपर्यंत मराठी बालसाहित्य सर्व मुलांचे आहे, हा दावा आपण करू नये.